चर्चच्या भक्तीला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून जा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ऑफिसमधल्या मैत्रिणीने येत्या रविवारी आपल्या नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चमध्ये बोलावलंय, तिच्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा पाण्याचा विधी, आहे, तुमच्या घरचं कोणी आजवर चर्चच्या आत गेलेलं नाही, जायची इच्छा आहे पण कपडे काय घालायचे, प्रसाद घ्यायचा की नाही, गुडघे टेकावेच लागतात का, पैसे किती टाकायचे हे काहीच माहीत नाही, आणि वरून आईला भीती की तिथं पाणीबिणी शिंपडून धर्म बदलून टाकतील. सगळ्याचं उत्तर देते, जरा लांब होईल पण वाचून घ्या.

मी सदर भागातल्याच एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात आहे, माहेर कॅथलिक आणि सासर सीएनआय, म्हणजे प्रोटेस्टंट, त्यामुळे दोन्हीकडची उपासना आतून माहीत आहे. रविवारी दाराशी उभं राहून येणाऱ्यांना जागा दाखवायची, पुस्तक हातात द्यायचं, बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा, ही कामं मी बरीच वर्षं करतेय. नवीन माणूस आत येताना चेहऱ्यावर काय असतं ते मला लांबूनच कळतं. सगळ्यांना एकच वाटत असतं की आपलं काहीतरी चुकेल आणि सगळे आपल्याकडे बघतील. तर आधी हेच सांगते, तुम्ही पाहुण्या आहात, तुमच्याकडून कोणी काही करून घेणार नाही, नुसतं बसून राहिलात तरी तुमचं येणं पूर्ण झालं. फक्त एक गोष्ट तुम्ही करायची नाही, भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा नाही, त्याबद्दल खाली नीट लिहिते कारण नेमकी तिथंच लोकांची गडबड होते.

पण त्याच्याही आधी मैत्रिणीला एक प्रश्न विचारा, चर्च कोणतं. कारण सदरमध्ये कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही आहे आणि सीएनआयचं ऑल सेंट्स कॅथेड्रलही आहे, आणि नुसतं सदरचं चर्च म्हटलं तर ऑटोवाला कुठंही नेऊन सोडेल. शिवाय शहरात मेथडिस्ट आहेत, केरळच्या लोकांची मार्थोमा आणि ऑर्थोडॉक्स चर्चेस आहेत, हॉलमध्ये किंवा घरात भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. भाषाही विचारून घ्या. नागपुरात एकाच चर्चमध्ये सकाळी इंग्रजी, मग हिंदी किंवा मराठी अशा वेगवेगळ्या वेळेच्या उपासना असू शकतात, चुकीच्या वेळेला गेलात तर मैत्रीणच दिसायची नाही. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी वेळ अलीकडे घेतात, तेव्हा आदल्या दिवशी एक मेसेज टाकून खात्री करा.

सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आणि आपल्या नागपूरकरांना हे माहीत असायला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं की हे चर्च जन्मालाच आपल्या गावात आलं. २९ नोव्हेंबर १९७० ला इथं ऑल सेंट्समध्ये सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र झाली, त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल ज्यात आधीच एक झाले होते ते युनायटेड चर्च होतं, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते, डिसायपल्स होते आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. हे इतिहास म्हणून सांगत नाहीये, ह्याचा तुमच्या रविवारशी संबंध आहे. ह्यातले काही लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि काही म्हणणारे होते की माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास ठेवील तेव्हाच बाप्तिस्मा. एकत्र येताना त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या. म्हणून सीएनआयच्या एखाद्या मंडळीत बाळाचा बाप्तिस्मा बघाल आणि दुसरीकडे बाळाचं फक्त समर्पण, म्हणजे पाळकसाहेब (आमच्याकडचे धर्मगुरू) बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात, पाणी नाही. दोन्ही बरोबरच. उपासनेची पद्धतही त्यामुळे मंडळीगणिक बदलते, कुठं छापील पुस्तकातून ओळीने सगळं चालतं, कुठं पाळक आपल्या शब्दांत प्रार्थना करतात.

आता कपडे. साधे, अंगभर, जे तुम्ही नातेवाईकांच्या साखरपुड्याला घालाल ते चालतं. साडी, पंजाबी ड्रेस, कुर्ता-जीन्स काहीही. टिकली, मंगळसूत्र, बांगड्या काढायची काहीही गरज नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण एक ताई दाराशी येऊन घाईघाईने टिकली पुसत होत्या, मी हात धरून थांबवलं. ओढणी सोबत ठेवा, मराठी मंडळ्यांमधल्या बऱ्याच बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात, तुम्हाला घ्यावासा वाटला तर घ्या, नाही घेतला तर कोणी बोलणार नाही. पेंटेकॉस्टल किंवा ऑर्थोडॉक्सकडे गेलात तर मात्र घ्याच, तिथं ते जास्त पाळतात. पुरुष सोबत असतील तर टोपी काढायची. चपला बहुतेक कॅथलिक आणि सीएनआय चर्चमध्ये घालूनच जातात, पण दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला तर तुम्हीही काढा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आणि एक गोष्ट जी बायका विचारायला लाजतात आणि मग येतच नाहीत, पाळी चालू असेल तर यायचं की नाही. या. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट कुठंही ह्याची आडकाठी नाही. उपवास करून यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ केली का कोणी विचारत नाही, नारळ फूल अगरबत्ती काही आणायचं नाही.

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. मेट्रोने येत असाल तर कस्तुरचंद पार्कला उतरून ऑटो घ्या, गाडीने असाल तर पार्किंगचा वेळ धरा. दाराशी माझ्यासारखं कोणीतरी उभं असेलच, "जय ख्रिस्त" म्हणेल किंवा "जय मसीह की" किंवा "प्रेज द लॉर्ड", तुम्ही नमस्कार म्हणा, पुरे. पहिल्यांदाच आलेय, अमुक बाळाच्या बाप्तिस्म्याला आलेय असं सांगा, की ती व्यक्तीच तुम्हाला नीट बसवेल. जागा कुठली घ्यायची तर मधल्या बाकांवर, अजिबात पहिल्या ओळीत नाही. पहिल्या ओळीत बसलात की पुढं बघायला कोणी नाही, कधी उठायचं कधी बसायचं कळत नाही आणि मग मान वळवून वळवून मागं बघावं लागतं. चौथ्या-पाचव्या ओळीत, शक्यतो बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसा, पुढची ओळ उठली की उठा, बसली की बसा. जुन्या मराठी मंडळ्यांमध्ये अजूनही बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, तसं दिसलं तर तसं बसा, नवरा-बायको एकत्र बसलेले दिसले तर काही प्रश्नच नाही.

उशीर झाला तर घाबरून परत जाऊ नका. आत प्रार्थना किंवा वाचन चालू असेल तर दाराशी थांबा, गाणं सुरू झालं की आत या. हे आम्ही सगळेच करतो.

आत गेल्यावर लोक आधी मूर्ती शोधतात. कॅथलिक चर्चमध्ये समोर क्रुसावरचा येशू दिसेल, बाजूला मरियामातेची, संतांची मूर्ती दिसेल, दाराजवळ पवित्र पाण्याचं भांडं असेल ज्यात लोक बोट बुडवून कपाळ, छाती आणि खांद्यांवर क्रुसाची खूण करतात. तुम्ही करायची गरज नाही. मरियामातेपुढे मेणबत्ती लावावीशी वाटली तर उपासनेच्या आधी किंवा नंतर खुशाल लावा, आपल्याकडं सगळ्या धर्मांचे लोक लावतात. सीएनआयमध्ये मात्र बहुधा नुसता मोकळा क्रूस, वेदी, वचन वाचायला एक उंच स्टँड आणि बाप्तिस्म्याचं दगडी कुंड एवढंच दिसेल. प्रदक्षिणा नाही, घंटा वाजवायची नाही. वेदीकडे बघून हात जोडले तरी ते कोणाला खटकत नाही. वेदीवरच्या कापडाचा रंग बदललेला दिसेल, जांभळा असेल तर नाताळाआधीचा किंवा ईस्टरआधीचा काळ, पांढरा सणांचा, लाल पेंटेकॉस्ट ह्या ईस्टरनंतरच्या सणाचा, हिरवा वर्षातल्या बाकीच्या रविवारांचा.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. कॅथलिक मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, साधारण तासाभरात संपतो, सीएनआयची मराठी भक्ती दीड तास धरा, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) दोन्ही असेल तर दोन तासांच्या जवळ जाते, पेंटेकॉस्टल सभा दोन-तीन तास चालते आणि तिथं ड्रम, कीबोर्ड, टाळ्या, हात वर करून मोठ्याने एकाच वेळी सगळ्यांची प्रार्थना असं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते दडपून टाकू शकतं, कोणी रडतं, कोणी न कळणाऱ्या भाषेत बोलतं, तुम्ही शांत बसा, तुमच्याकडून तशी कोणाची अपेक्षा नसते.

सीएनआय आणि कॅथलिक दोन्हीकडं सुरुवातीलाच एक गोष्ट होते जी नवीन माणसाला चमकवते, सगळी मंडळी मिळून मोठ्याने म्हणते की आम्ही पाप केलंय, विचारांनी, शब्दांनी, करणीने, आणि जे करायला हवं होतं ते न करूनही. म्हातारे, पोरं, डॉक्टर, रिक्षावाले, पाळक स्वतः, सगळे एका सुरात. कोणा एकाला पुढं बोलावून विचारत नाहीत. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते कारण आठवड्यातून एकदा साहेब आणि शिपाई एकाच बाकावर बसून एकच वाक्य म्हणतात, आणि त्यानंतर पाळक सगळ्यांना सारखीच क्षमेची घोषणा करतात. तुम्हाला म्हणावंसं वाटलं तर म्हणा, नाहीतर ऐका.

मग बायबलमधली वाचनं. कॅथलिकांकडं रविवारी साधारण जुन्या करारातलं एक वाचन, मग स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांमधलं, आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाबद्दलचं वाचन, ज्याला सगळे उभे राहतात. ही वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, म्हणजे त्या रविवारी नागपूरच्या मिस्सात जे वाचलं जातं तेच सहसा मुंबईत आणि रोममध्येही. सीएनआयमध्येही क्रम जवळपास असाच. बाजूच्या काकूंनी बायबल पुढं केलं आणि पान सापडलं नाही तर गोंधळू नका, पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग ओवी असा पत्ता असतो, मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार नव्या कराराच्या सुरुवातीला आहेत, आणि स्तोत्रसंहिता हवी असेल तर बायबल बरोबर मध्यावर उघडा, बहुतेक वेळा तिथंच उघडतं.

गाणी हा आमच्या मराठी भक्तीचा जीव आहे, ह्यावर जरा थांबते. बहुतेक मराठी मंडळ्यांमध्ये "उपासना संगीत" हे पुस्तक असतं, फळ्यावर नंबर लिहिलेले असतात, त्या नंबरचं गीत काढायचं. काही गाणी इंग्रजी चालीवर ऑर्गनसोबत म्हणतात, पण काही सुरू झाली की तुम्हाला वाटेल हे तर आपलंच, अभंगाची चाल, ओवी, पेटी-तबला, झांजा. ह्यातली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. टिळकांचं नागपूरशी नातं आहे, ख्रिस्ती होण्याआधी ते इथं बुटींकडे कामाला होते, आणि पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेत एका परदेशी प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते आपल्या भाषेच्या भजनांमधून ख्रिस्ताची गाणी लिहीत राहिले. लहानपणी तुमच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या चाली तुम्हाला तिथं ऐकू येतील. पुस्तक हातात असलं तर गा, देवळातल्या कीर्तनाला बसल्यावर जसं मागं मागं म्हणत जातो तसंच.

संदेश म्हणजे प्रवचन, कॅथलिकांकडं दहा-पंधरा मिनिटं, आमच्याकडं वीस-तीस. मग विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणारे ठरलेले शब्द, उभं राहून म्हणतात, मग जगासाठी, देशासाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी प्रार्थना, नावं घेऊन. सीएनआयमध्ये त्या आठवड्यात वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असलेले पुढं येतात, उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार म्हणून पैशांचं पाकीट देतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होते. आणि इथंच पाहुण्यांना उभं राहून नाव सांगायला बोलावतात काही मंडळ्यांमध्ये. तुम्हाला ते नको असेल तर आत येतानाच दारावर सांगून ठेवा, "माझं नाव पुकारू नका", आम्ही पाळतो. कोणी वहीत नाव-नंबर लिहायला सांगितला तर नंबर देणं तुमच्या मर्जीवर आहे, दिला तर आठवड्यात एखादा फोन येऊ शकतो हे धरून चाला, नको असेल तर नुसतं नाव लिहा.

मिस्सात एका क्षणी फादर म्हणतात एकमेकांना शांती द्या, मग सगळे आजूबाजूला वळून हात जोडतात किंवा हस्तांदोलन करतात, तुम्हीही नमस्कार करा. सीएनआयमध्येही बऱ्याच ठिकाणी असतं हे.

पैसे. गाणं चालू असताना कापडी थैली किंवा ताट ओळीतून फिरतं. हे मंडळीच्या लोकांचं अर्पण आहे, पाहुण्यांवर ह्याचं बंधन अजिबात नाही. थैली आली की पुढच्याला द्या, एवढंच. टाकावंसं वाटलं तर दहा रुपयेही चालतात, किती टाकले कोणी बघत नाही, थैली त्यासाठीच खोल असते. जिथं पाहुण्यांकडून पैसे मागितले जातात, किंवा अमुक दिलं तर तुमचा आजार बरा होईल असं सांगितलं जातं, तिथून सरळ उठून या. हे मी एक ख्रिस्ती बाई म्हणून ठामपणे सांगतेय.

आता ती भाकरीची गोष्ट. कॅथलिक मिस्सात ती दर वेळी असते, सीएनआयमध्ये कुठं दर रविवारी, कुठं महिन्यातून एकदा. वेदीवर भाकर आणि प्याला ठेवलेला असतो, पाळक किंवा फादर येशूने शेवटच्या भोजनाला शिष्यांना जे सांगितलं ते शब्द म्हणतात, भाकर मोडतात. कॅथलिकांकडं ह्या वेळी सगळे गुडघे टेकतात, बाकाच्या खाली त्यासाठी लाकडी पट्टी असते, ती पाडताना आवाज होतो म्हणून हळू. तुम्ही टेकले नाहीत, मान खाली घालून बसून राहिलात तरी चालतं, गुडघेदुखीवाले आमचे कितीतरी लोक तसंच करतात. मग ओळीओळीने लोक पुढं जातात. कॅथलिकांकडं पांढरी गोल पातळ चकती, फादर म्हणतात "ख्रिस्ताचे शरीर", घेणारा म्हणतो "आमेन". सीएनआयमध्ये वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून हातावर भाकरीचा तुकडा किंवा चकती घेतात आणि द्राक्षरस छोट्या पेल्यात किंवा एकाच प्याल्यातून, बऱ्याच ठिकाणी तो दारू नसून मनुका उकळून केलेला रस असतो.

तुमची ओळ उठेल तेव्हा काय करायचं, तर गुडघे थोडे बाजूला वळवा, बाकीच्यांना जाऊ द्या आणि बसून राहा. भिंतीकडच्या टोकाला बसा म्हटलं ते ह्यासाठीच, म्हणजे कोणाला तुमच्या अंगावरून जावं लागत नाही. कोणी विचारत नाही का नाही आलात, कारण आमच्यातलेही बसून राहतात, लहान मुलं ज्यांचं दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी, झालेलं नाही, किंवा कोणाशी भांडण मिटलेलं नाही म्हणून स्वतःहून थांबलेले मोठे. आपल्याकडं प्रसाद नाकारणं म्हणजे अपमान, म्हणून लोक बिचारे भक्तिभावाने उठून ओळीत लागतात, हात पुढं करतात, आणि समोर फादर थबकतात कारण त्यांना कळतं हे नवीन आहेत. ओळीत लागणाऱ्याचा त्यात काहीच दोष नाही, कोणी आधी सांगितलेलंच नसतं. पण हा प्रसाद नाही. बाप्तिस्मा झालेला माणूस ती घेताना माझं आयुष्य ख्रिस्ताशी आणि ह्या मंडळीशी बांधलेलं आहे असं जाहीर करतो, आणि जे आपण मानत नाही ते हात पुढं करून मानतो म्हणायला तुम्हाला कोणी लावू नये. अगदी चुकून ओळीत गेलातच तर दोन्ही हात छातीवर दुमडून मान खाली घाला, बरेच फादर अशा वेळी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आणि चुकून हातात आलीच तर खिशात ठेवून घरी नेऊ नका, जागेवरच परत द्या.

बाप्तिस्म्याचं सांगते, कारण त्यासाठीच तर चाललाय. कुंडाजवळ आई-वडील आणि धर्ममातापिता, म्हणजे गॉडफादर-गॉडमदर, बाळाला घेऊन उभे राहतात. पाळक त्यांना प्रश्न विचारतात, वाईटाला नाकारता का, ख्रिस्तावर विश्वास ठेवता का, बाळाला त्याच मार्गात वाढवाल का. बरेचदा सगळ्या मंडळीलाही विचारतात की तुम्ही ह्या कुटुंबाला साथ द्याल का आणि सगळे मिळून हो म्हणतात, तिथं तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल. मग पाळक बाळाला हातात घेतात, नाव घेतात, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने तीनदा डोक्यावर पाणी ओततात. बाळ बहुतेक वेळा टाहो फोडतं, आई पटकन टॉवेल पुढं करते, मंडळी हसते. कॅथलिकांकडं ह्यासोबत तेल लावतात, पांढरं वस्त्र घालतात आणि वेदीजवळच्या मोठ्या ईस्टरच्या मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवतात. कॅथलिकांकडं कधी कधी हा विधी मिस्सा झाल्यावर वेगळाही असतो, तेव्हा मैत्रिणीला वेळ विचारून घ्या. फोटो काढायचा तर आधी विचारा, बाप्तिस्म्याला सहसा परवानगी मिळते, भाकरीच्या वेळी मात्र मोबाईल पर्समध्येच. भेट म्हणून बाळाचे कपडे, चांदीचं काही, किंवा पाकीट, आपण बारशाला देतो तेच.

आता आईंची भीती. काळजी करणं चूक नाही, पण त्यांना हे शांतपणे सांगा. चर्चमध्ये जाऊन बसल्याने, गाणं म्हटल्याने, पाण्याचा थेंब अंगावर पडल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. कॅथलिकांकडं ईस्टरला आणि कधी एरवीच्या रविवारीही फादर सगळ्या लोकांवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात, ते ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झालाय त्यांना त्याची आठवण म्हणून, तो बाप्तिस्मा नव्हे, तुमच्यावर चार थेंब पडले तर पडले. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा त्याने स्वतः मागितल्याशिवाय होत नाही, त्याआधी शिकवणीचा काळ असतो, कॅथलिकांकडं तो बरेच महिने चालतो, आणि मग सगळ्यांसमोर त्याला स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागतं. कोणी तुमच्यावर दबाव आणला, तुमच्या देवांबद्दल वाईट बोललं, तर तो माणूस त्या क्षणी चुकतोय, तुम्ही उठून जाऊ शकता आणि मैत्रिणीला सांगा, पाळकांच्या कानावर घाला. पाहुण्याच्या श्रद्धेचा मान राखता येत नसेल तर आम्ही दाराशी उभं राहून काय करतो, असं मला खरोखर वाटतं. आणि आईंना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या, काहून घरी बसून काळजी करायची.

ज्यांना कोणाचं आमंत्रण नाही, नुसतं बघायचंय, त्यांच्यासाठी एक सल्ला. सगळे नाताळच्या रात्री येतात, २४ डिसेंबरला, आणि मला वाटतं पहिल्यांदा बघायला ती सगळ्यात अवघड रात्र आहे. इतकी गर्दी की आमच्याच लोकांना बाहेर मंडपात उभं राहावं लागतं, संदेश ऐकू येत नाही, अर्धे लोक देखावा बघून सेल्फी काढून निघतात, आणि घरी जाऊन सांगतात चर्च बघितलं. साधा, हिरव्या कापडाचा रविवार निवडा. गुड फ्रायडेला यायचं असेल तर या, पण बऱ्याच मंडळ्यांमध्ये दुपारी बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते, येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर एकामागून एक मनन, आणि तो दिवस मार्चच्या शेवटी नाहीतर एप्रिलमध्ये येतो, नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पाण्याची बाटली ठेवा. त्या दिवशी सजावट नसते, वेदी उघडी असते, "हॅपी गुड फ्रायडे" असं कोणाला म्हणू नका, तो शोकाचा दिवस आहे. ईस्टरच्या पहाटेची उपासना मात्र जमली तर नक्की बघा, अंधारात सुरू होते आणि गाता गाता उजाडतं.

लहान मूल सोबत असेल तर आणा, रडलं तर दाराबाहेर फिरवून परत या, त्याच वेळी संडे स्कूल चालू असेल तर मुलांना तिकडं बसवतात, गोष्टी आणि चित्रं असतात, पण तिथं बसवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

उपासना आशीर्वादाने संपते, मान खाली घालून उभं राहायचं, मग शेवटचं गीत. पाळकसाहेब दाराशी येऊन सगळ्यांशी हात मिळवतात, तुम्हालाही विचारतील कुठून आलात, त्या वेळी काही प्रश्न असेल तर बिनधास्त विचारा, त्यांना आवडतं. बऱ्याच ठिकाणी बाहेर चहा-बिस्किट असतं, लगेच पळू नका.

बाप्तिस्म्यानंतर मैत्रिणीकडं किंवा चर्चच्या हॉलमध्ये जेवण असेलच. केक कापतात, आणि पुढं बहुतेक मटण नाहीतर चिकन बिर्याणी. तुम्ही शाकाहारी असाल, किंवा केक बिनअंड्याचा लागत असेल, तर मैत्रिणीला शनिवारीच सांगून ठेवा, ऐन वेळी कळलं की तिची आई स्वयंपाकघरात धावपळ करते.